ट्रक तापतो, पाणी कमी होतं: ड्रायव्हर आणि मालक नेहमी विचारतात ते प्रश्न

घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की पहिला फोन शेठला जातो आणि दुसरा मिस्त्रीला. मिस्त्री गाडी न बघताच सांगतो, 'थर्मोस्टॅट काढून टाक.' (थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप.) कधी त्याने भागतंही, पण बहुतेक वेळा रोग तसाच राहतो आणि दोन महिन्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायची वेळ येते. दहा चाकी, बारा चाकी आणि ट्रेलर चालवणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खाली 'पाणी' म्हटलंय ते गॅरेजच्या बोलीतलं, म्हणजे कूलंटसुद्धा त्यात आलं.

गाडी तापली. सगळ्यात आधी काय बघायचं?

आधी एक गोष्ट ठरवायची: पाणी गेलं म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून तिने पाणी फेकलं?

शेवट दोन्हींचा सारखाच दिसतो, रेडिएटर रिकामा आणि काटा लाल. रोग मात्र वेगळे. पहिल्या प्रकारात गळती शोधायची असते. दुसऱ्यात गळती नसतेच; पंखा, रेडिएटरची जाळी, थर्मोस्टॅट किंवा वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) यांपैकी कुणीतरी काम सोडलेलं असतं, पाणी उकळतं, दाब वाढतो आणि झाकणातून बाहेर पडतं. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा रेडिएटर झाळून घेण्यात पैसे घालवणारे मी पुष्कळ बघितले आहेत.

उत्तर बहुधा क्लीनरकडे असतं. गेले आठ-पंधरा दिवस तो रोज सकाळी लिटर-अर्धा लिटर पाणी टाकत होता का? टाकत असेल तर पाणी आधीपासून जात होतं. महिनोन्महिने पातळी जागची हलली नाही आणि एका चढणीत गाडीने भसकन पाणी फेकलं, तर ती आधी तापली. म्हणून केबिनमध्ये एक वही ठेवा आणि तारीख, किलोमीटर, किती लिटर टाकलं एवढंच लिहा. ही वही स्कॅनरपेक्षा जास्त बोलते.

काटा लाल झाला. इंजिन लगेच बंद करू की चालू ठेवू?

पाणी आहे की गेलं, यावर ते ठरतं.

पाणी जागेवर असेल, वाफ नाही, ऑइल प्रेशर ठीक, नुसता काटा वर चढलाय, तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलला टाका आणि इंजिन १००० ते १२०० आरपीएमवर तीन-चार मिनिटं चालू द्या. एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू. एकदम बंद केलं तर वॉटर बॉडी आणि पंखा दोन्ही थांबतात, हेडमधली उष्णता तिथेच अडकते आणि टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. एवढं करूनही काटा खाली येत नसेल तर मात्र बंद करा.

होज (पाण्याचा रबरी पाइप) फुटला, बोनेटखालून वाफ येते, पातळीचा दिवा लागला किंवा ऑइल प्रेशर पडलं, तर जागच्या जागी बंद. 'पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो' यात हेड वाकतं, कधी पिस्टन लायनरला, म्हणजे तो ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला, धरतो.

काटा लाल होता, मग एकदम खाली आला. म्हणजे गाडी थंड झाली ना?

नाही. हा सगळ्यात फसवा प्रकार. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो म्हणून त्याला तापमान कळतं. पाणी गेलं की तो कोरडा पडतो, वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा खोटं सांगू लागतो. चढण चालू असताना काटा अचानक घसरला तर त्याचा अर्थ 'पाणी संपलं' असाच घ्या आणि थांबा.

झाकण कधी उघडायचं?

वरचा होज हाताने दाबून मऊ लागेल तेव्हाच. त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, आणि माल वेळेत पोचवायचा म्हणून तो अर्धा तास कुणालाच नको असतो.

बंद रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकण ०.७ बारचं असेल तर साधं पाणी साधारण ११५ अंशांपर्यंत आणि १ बारचं असेल तर १२० अंशांपर्यंत तग धरतं. गरम असताना झाकण काढलं की दाब क्षणात जातो, ११० अंशांचं पाणी जागीच वाफ होतं आणि चेहऱ्यावर येतं. क्लीनर पोरांच्या हातावर आणि गळ्यावर भाजल्याचे डाग असतात ते असे. ओला जाड कपडा, तोंड बाजूला, आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवून वाफ जाऊ द्यायची, मग पूर्ण काढायचं.

आणि तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतू नका, रेडिएटरमध्येही एकदम भरू नका. बिडाचं हेड तडकतं. इंजिन कोमट झाल्यावर ते चालू ठेवून हळूहळू भरा.

गाडी सपाटीला ठीक चालते, फक्त घाटात तापते. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कसारा, बोर घाट, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी, कोकणातून वर येताना कुंभार्ली. ठिकाण बदलतं, तक्रार तीच.

आधी थोडा हिशोब. दहा चाकी गाडीचं कायदेशीर एकूण वजन २८.५ टन. एवढी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० ने चालवायला ढोबळमानाने ७५ ते ८० अश्वशक्ती पुरतात. तीच गाडी दर १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी २० ने न्यायला १२० च्या आसपास लागतात. म्हणजे उष्णता दीडपट आणि समोरून येणारा वारा एक तृतीयांश. वाऱ्याची ती उणीव पंख्यानेच भरून काढायची असते. त्यात मे महिन्यातला विदर्भ घ्या. बाहेर ४५ अंश असताना ९५ अंशांच्या पाण्याला उष्णता टाकायला ५० अंशांचाच फरक मिळतो. २५ अंशांच्या सकाळी तो ७० असतो. तोच रेडिएटर, तरी काम जवळजवळ तीस टक्क्यांनी घटलं. गाडी दोन-चार टन ओव्हरलोड असेल तर पुढचं तुम्हीच समजा.

त्यामुळे घाटात तापणारी गाडी 'खराब' असेलच असं नाही, पण तिच्यात कुठेतरी दहा-वीस टक्के कसर असते आणि घाट ती उघडी पाडतो. कसर शोधायचा माझा क्रम असा.

पहिली जाळी. ट्रकमध्ये एकामागे एक थर असतात: एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि मग रेडिएटर. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. कचरा साचतो तो इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. उसाच्या हंगामात पाचटाचा चुरा, विदर्भात कापसाचे तंतू, पावसाळ्यात चिखल आणि किडे. टॉर्च मारून मधल्या फटीत बघा. गादी भरल्यासारखा थर निघाला तर निदान तिथेच झालं. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने मारायचं आणि कमी दाबाने. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की नाजूक पत्र्या आडव्या होतात आणि धुतलेली जाळी आधीपेक्षा जास्त बंद होते.

दुसरा पंखा. बहुतेक गाड्यांत विस्कस पंखा असतो. त्याच्या गड्ड्यात सिलिकॉनचं तेल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ते तेल पंख्याला इंजिनाशी जखडतं आणि पंखा विमानासारखा घुमू लागतो. ड्रायव्हरला तो आवाज ओळखीचा असतो. 'आजकाल घाटात पंख्याचा आवाजच येत नाही' असं तो म्हणाला तर पंखा पकडत नाहीये. तपासायला इंजिन थंड आणि बंद, चावी खिशात, मग पंखा हाताने फिरवा. किंचित अडून फिरला पाहिजे. हात काढल्यावरही मोकळा गरगरत राहिला किंवा गड्ड्यावरून तेलाचे ओघळ बाहेर पसरलेले दिसले तर तो गेला. नव्या गाड्यांत हा पंखा कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो, तिथे वायर आणि कनेक्टरही बघा. चालत्या पंख्यात काठी किंवा पुठ्ठा घालून 'टेस्ट' करणारे महाभाग असतात. तसं करू नका. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं एखाद्या कामात काढून परत बसवलंच नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत बसतो.

तिसरा बेल्ट. ढिला किंवा तेलकट बेल्ट सपाटीला चालून जातो, जोर आला की घसरतो.

चौथी गोष्ट ड्रायव्हरची. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून, घरघरत ओढू नका. एक गिअर खाली घ्या. वेग तेवढाच राहील, पण आरपीएम वाढल्यामुळे पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही जोरात फिरतील. जुने ड्रायव्हर हे न सांगता करतात. बोर घाटात शिंग्रोबाला नाणं जरूर वाहा, फक्त त्याआधी खोपोलीत पातळी बघून घ्या.

माझी उलट तक्रार आहे. हायवेला वेगात तापते, घाटात तेवढी नाही.

वेगात वारा भरपूर असतो, म्हणजे हवेचा दोष नाही. पाणी पुरेसं फिरत नसणार. रेडिएटर आतून चुन्याने भरलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय किंवा वॉटर बॉडीच्या आतला पंखा झिजलाय. खालच्या होजवरही नजर ठेवा. तो ओढीच्या बाजूचा असतो. म्हातारा आणि मऊ झाला, आतली स्प्रिंग गळाली, की आरपीएम वाढल्यावर आत चिकटतो. उभ्या गाडीला कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि होज चपटा होतो का ते बघा.

हजार-दीड हजारात मिळणारी तापमानाची गन इथे कामाला येते. गरम इंजिनावर रेडिएटरच्या जाळीवर ती फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. हीच गन थर्मोस्टॅटच्या घरावर धरून आकडा डॅशबोर्डच्या काट्याशी ताडा. कधी कधी गाडी तापलेलीच नसते, सेन्सर बिघडलेला असतो.

सिग्नलला किंवा टोलवर उभी असताना तापते, चालू लागली की उतरते.

पंखा. नव्वद टक्के पंखा, उरलेला बेल्ट आणि कडं.

पाणी गळतंय हे दिसतंय, पण कुठून तेच सापडत नाही.

चालत्या गाडीत वारा थेंबांना मागे उडवतो, म्हणून ओल दिसते तिथे गळती नसते. ती बहुधा त्याच्या पुढे आणि वर असते. इंजिन थंड असताना रेडिएटर प्रेशर टेस्टर लावा: झाकणावर छापलेल्या दाबाएवढा दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा पडला तर पाणी कुठेतरी जातंय. मग टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या टाकीचा सांधा, हीटरचे पाइप, ऑइल कूलर आणि वॉटर बॉडी बघत जा.

वॉटर बॉडीच्या खाली एक लहान भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली हिरवट, गुलाबी किंवा पांढरा सुकलेला ओघळ दिसला तर बॉडी बदलायला आली. एका 'हुशार' मिस्त्रीने ते भोक एम-सीलने बुजवलेलं मी पाहिलंय. पुढच्या ट्रिपमध्ये बेअरिंग जाम झालं, पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला आणि दोन हजारांचं काम पन्नास हजारांवर गेलं.

काही गळत्या फक्त थंडपणी होतात. पहाटे खाली थारोळं असतं, इंजिन तापलं की बंद. धातू आणि रबर आकसल्यामुळे क्लिप ढिली पडते आणि तापल्यावर परत घट्ट होते. अशा गाडीची तपासणी दुपारी गॅरेजमध्ये करून काही सापडणार नाही. रात्री तिथेच ठेवा आणि सकाळी बघा. आणि एसी गाडीखालचं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचंच असतं, त्यावर दिवस घालवू नका.

खाली एक थेंब नाही, तरी रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं. कुठे जातं?

इंजिन पाणी खातंय. रस्ते चार-पाच आहेत.

एक, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) किंवा तडकलेलं हेड. दोन, लायनरला पडलेलं भोक किंवा खालच्या रबरी रिंगा. तीन, ऑइल कूलर. चार, ईजीआर कूलर, ज्या इंजिनात ईजीआर आहे तिथे. पाच, एअर कॉम्प्रेसर. त्याच्यासाठी पुढचा प्रश्न राखून ठेवलाय.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आल्यावर ईजीआर कूलरकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या कित्येक शे अंशांच्या धुराचा काही भाग इंजिनात परत नेताना या डब्यात पाण्याने थंड होतो. आतल्या नळ्या एवढ्या तापून-निवून थकतात आणि चिरतात. पाणी थेट धुरात मिसळतं, खाली थेंब पडत नाही, ऑइल स्वच्छ राहतं, बुडबुडेही नेहमी येत नाहीत. गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलरच्या तोंडाशी कोरड्या काजळीऐवजी ओला चिखल किंवा पांढरट थर, या खुणा. खात्री करायला कूलर काढून, तोंडं बंद करून, हवेचा दाब देऊन पाण्याच्या टबात बुडवायचा, सायकलची ट्यूब तपासतात तसा. हे दुर्लक्षित ठेवलं तर कूलंट पुढे जाऊन महागडा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) खराब करतं, म्हणून हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर बघा.

एक सावधगिरी. रात्रभर उभी असलेली, पाणी खाणारी गाडी सकाळी सेल्फला 'ठक' करून अडली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट उडालं. बरोबर का?

असू शकतं. पण जड गाडीत एक आरोपी असा आहे जो कारमध्ये नसतो: ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. बऱ्याच इंजिनांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं किंवा हेड तडकलं की आठ-दहा बारची हवा, जेमतेम एक बार सहन करणाऱ्या पाण्याच्या वाटेत घुसते. टाकीत बुडबुडे, झाकणातून पाणी बाहेर, गाडी तापते. चित्र हुबेहूब हेड गॅस्केटचं.

माझ्या ओळखीच्या एका मालकाने असं इंजिनाचं हेड दोनदा उतरवलं. दोन्ही वेळा फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, चार-पाच दिवस गाडी उभी. बुडबुडे कायम. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एअर टाकीचा खालचा नळ सोडला आणि हवेबरोबर गुलाबी पाणी बाहेर आलं. काम कॉम्प्रेसरच्या गॅस्केटचं होतं.

ओळखायच्या तऱ्हा सोप्या आहेत. इंजिन चालू ठेवून पाण्याच्या टाकीत बघत राहा. हवा पूर्ण भरली की 'फुस्स' आवाज होतो आणि कॉम्प्रेसर मोकळा चालू लागतो. त्या वेळी बुडबुडे थांबले किंवा बरेच कमी झाले, आणि ब्रेक दाबून हवा कमी केल्यावर परत आले, तर कॉम्प्रेसरच. दुसरं, एअर टाकीतून कूलंट येतं का बघा. तिसरं, गॅस तपासणीचा निळा द्राव मिळतो. रेडिएटरच्या तोंडाशी त्याची नळी धरतात. जळलेला वायू आला की द्राव हिरवट-पिवळा पडतो. कॉम्प्रेसरची हवा साधी असल्यामुळे द्राव निळाच राहतो. बुडबुडे आहेत आणि रंग बदलत नाही, तर हेडला हात लावू नका.

हेड गॅस्केटचीच खूण हवी असेल तर ही: पहाटे गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी अजून थंड असताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी तापलेलं नाही, कॉम्प्रेसरची परीक्षा होऊन तो सुटलाय, मग एवढ्यात दाब आला तो सिलिंडरमधूनच.

ऑइल चहासारखं दुधाळ झालंय.

गाडी बंद करा, चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला धरून ठेवत नाही.

ऑइल दुधाळ आहे की पाण्यात ऑइल तरंगतंय, हेही बघा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ऑइल कूलर फुटला की आधी ऑइल पाण्यात जातं आणि टाकीत तपकिरी साय धरते. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो, पाण्याचा राहतो, आणि मग उलटा प्रवास होतो. म्हणून टाकीत भरपूर ऑइल आणि डिपस्टिक बरीचशी स्वच्छ असेल तर आधी ऑइल कूलर उघडावा. ते काम हेडच्या कामापेक्षा खूपच स्वस्त आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर काय बिघडतं? सगळेच काढतात.

सगळे काढतात हे खरं आहे. काढल्यावर काही गाड्या घाटात ठीक चालतात हेही खरं.

पण थर्मोस्टॅट साधारण ८२-८३ अंशांना उघडू लागतो तो इंजिनाला कामाच्या तापमानात ठेवण्यासाठी. काढला की इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ होतो. बीएस-६ गाडीत धूर पुरेसा गरम होत नाही आणि डीपीएफची सफाई अडते. शिवाय बऱ्याच ट्रक इंजिनांतला थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. लोक चक्रावतात ते इथे.

संशय असेल तर तो काढा, पातेल्यात पाणी उकळत ठेवा, दोरीने आत सोडा आणि थर्मामीटर ठेवून बघा. त्यावर छापलेल्या अंशांना उघडला तर निर्दोष. नाही उघडला तर नवा घाला.

आम्ही वर्षानुवर्षं साधं पाणी घालतोय. कूलंट लागतंच का?

जुन्या गाड्यांनी साध्या पाण्यावर आयुष्य काढलं, मान्य. पण त्यांची इंजिनं पुष्कळदा दोन-तीन लाख किलोमीटरला उघडायची, हेही आठवा.

बोअरचं पाणी जड असतं. त्याचा चुना लायनरच्या बाहेर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. एक मिलिमीटर चुन्याचा थर उष्णता अडवण्याच्या बाबतीत दोन-तीन सेंटिमीटर जाड बिडाच्या बरोबरीचा असतो. बाहेरून काहीच कळत नाही.

त्याहून वाईट गोष्ट लायनरची. जड डिझेल इंजिनात लायनर थेट पाण्यात उभे असतात. प्रत्येक स्फोटाला लायनर घंटेसारखा थरथरतो. बाहेरच्या अंगाला वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे सूक्ष्म हातोडीचा घाव. लाखो घावांनी लायनरला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि एक दिवस आरपार जातात. जड वाहनांच्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि घाव त्या थरावर बसतो. साध्या पाण्यात हा थर नसतो, आणि कारच्या स्वस्त कूलंटमध्ये तो पुरेसा असेलच असं नाही. डब्यावर हेवी ड्युटी डिझेल लिहिलंय का ते बघा.

निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे नेहमीचं प्रमाण. त्याचा उत्कलनबिंदू झाकण उघडं असतानाही १०८ अंशांच्या आसपास असतो. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे १३५० मीटरच्या आसपास, साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेव्हा हा फरक कळतो. शंभर टक्के कूलंट घालू नका. ते एकटं उष्णता कमी वाहतं. दोन रंगांची, दोन जातींची कूलंट मिसळू नका. आणि जुनं कूलंट उघड्यावर सांडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. गॅरेजमधली कुत्री ते चाटून मरतात.

रस्त्यात पाणीच संपलं तर ढाब्याचं पिण्याचं पाणी घाला, बिनधास्त. पोचल्यावर बदला.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात.

थांबते. बारीक गळती असेल तर हळद पाण्यात फुगते, चिरेत अडकते आणि घरी पोचवते. आड रस्त्यावर, रात्री, माल भरलेला असताना मी कुणाला नको म्हणणार नाही. पण हळदीला चीर कुठली आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही. पोचल्यावर पूर्ण फ्लश केलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात हीच गाडी 'वेगात तापते' म्हणून येते. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच.

रेडिएटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

जुना तांब्या-पितळेचा असेल तर झाळून देणारा चांगला कारागीर शोधा. टाक्या उघडून, नळ्यांत पट्टी घालून साफ केला की तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. टाकीच्या सांध्यातलं रबर गेलं असेल तर बदलता येतं. जाळी मध्येच चिरली तर एखादी नळी बुजवण्यापर्यंत ठीक. तीन-चार बुजवल्या की घाटाला लागणारी तीच दहा-वीस टक्के कसर तुम्ही पैसे देऊन विकत घेतलीत.

सगळं केलं, नवं पाणी भरलं, तरी तासाभरात तापली.

हवा अडकली असणार. वीस-पंचवीस लिटर किंवा जास्त पाणी घाईने ओतलं की वरच्या कोपऱ्यांत हवेचे फुगे राहतात. हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा, हीटर चालू करा, सावकाश भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. झाकणही बघाच: त्याचं रबर चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही. गाडी थंड होताना होज आत ओढले जात असतील तर झाकणाचा आतला छोटा वॉल्व अडकलाय. चारशे-पाचशे रुपयांची वस्तू, आणि सगळ्यात शेवटी आठवते.

मी मालक आहे. गॅरेज म्हणतंय हेड उतरवावं लागेल. 'हो' म्हणण्याआधी काय विचारू?

प्रेशर टेस्टर लावला होता का आणि किती मिनिटांत दाब पडला? निळ्या द्रावाची तपासणी केली का, रंग बदलला का? कॉम्प्रेसर बाजूला काढून बघितला का? ईजीआर कूलर टबात बुडवला का? या चारांची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर गाडी अजून तपासलेलीच नाही, असं समजा.

उत्तरं मिळाली आणि हेड उतरलंच, तर तिथे जाऊन उभे राहा. सरळ पट्टी ठेवून हेड वाकलंय का ते मोजू द्या, तड्यांसाठी तपासू द्या, फेसिंग किती मारलं ते लिहून घ्या. लायनर ब्लॉकच्या वर किती उभे आहेत हे डायलने मोजायला लावा. एखादा खाली बसलेला असेल तर नवं गॅस्केट महिनाभरही टिकणार नाही. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळले पाहिजेत. अंदाजाने पाइप घालून आवळणारा मिस्त्री दिसला तर तिथेच थांबवा. आणि गाडी मुळात कशाने तापली होती, पंख्याने की जाळीने की पाण्याने, हे त्याने बिलावर लिहून द्यावं असा आग्रह धरा. ते लिहिता येत नसेल तर हेडचे पैसे पुन्हा भरायची तयारी ठेवा.